रानपुरुषाचें प्रेम

गेल्या ज्येष्ठांत चार दिवस नावड्यास बहिणीच्या घरीं राहण्याचा योग आला. पनवेल तालुक्यांतील हें एके काळचें भातशेतीचें गांव. आतां त्याच्या एका अंगास तळोज्याचे कारखाने, दुसऱ्या अंगास कळंबोलीच्या इमारती आणि जवळून जाणारा दिवा-पनवेल लोहमार्ग असा त्याचा संसार झाला आहे. तथापि बहिणीचें बिऱ्हाड सातव्या मजल्यावर असल्यामुळें तिच्या सज्ज्यांतून पूर्वेकडे पाहिलें असतां धुरांड्यांच्या वर माथेरान-प्रबळची रांग स्वच्छ दिसते. आणि पहिला पाऊस पडून गेलेला असला म्हणजे ती इतकी जवळ आल्यासारखी वाटते कीं, हात पुढें केला तर ओल्या कातळास लागेल. ह्याच सज्ज्यांत माझी भाची संध्याकाळीं वाचीत बसते. पुस्तक नव्हे, हातांतल्या मोबाइलवर. काय वाचतेस म्हणून विचारलें तेव्हां ती प्रथम लाजली, मग थोडी चिडली, आणि शेवटीं तिनें कथानक सांगितलें.

शहरांतील एक तरुणी कांहीं कारणानें निबिड अरण्यांत सांपडते. तेथें एक पुरुष राहतो. तो लहानपणींच रानांत टाकला गेलेला. त्याला भाषा नाहीं, वस्त्र नाहीं, देव नाहीं. तो तिला उचलून आपल्या गुहेंत नेतो. ती पळून जाऊं पाहते, तो तिला परत आणतो. ती भिते, आणि भितां भितांच त्याच्यावर प्रेम करूं लागते. असल्या कथांना इंग्रजींत 'डार्क रोमान्स' असें नांव आहे, त्या तिकडे विपुल निघतात, आणि त्यांचा वाचकवर्ग बहुतांशीं स्त्रियांचा आहे. भाचीची गोष्ट त्याच वळणाची होती.

बहीण स्वयंपाकघरांतून म्हणाली, "पाहिलेंस ना दादा? इकडे आम्ही हिच्यासाठीं स्थळें पाहतों आहोंत, आणि ही असलीं रानटी माणसें वाचीत बसते. हें सगळें साहेबाच्या देशांतून आलेलें खूळ. तूं जरा दोन शब्द सांग हिला." इतिहासाचा थोडाबहुत व्यासंग असल्यामुळें घरांतील सर्व दोन शब्द माझ्या वाट्यास येतात. मी सांगण्यास बसलों, परंतु पहिलाच शब्द बहिणीच्या विरुद्ध निघाला. कारण हें खूळ साहेबाच्या देशांतून आलेलें नाहीं. निदान मूळचें तरी नाहीं.

महाभारताच्या वनपर्वांत लोमश ऋषि पांडवांना ऋष्यशृंगाची कथा सांगतात. विभांडक मुनीचा हा मुलगा हरिणीच्या पोटीं जन्मला. त्याच्या मस्तकावर शिंग होतें. आणि बापावांचून दुसरें मनुष्य त्यानें जन्मांत पाहिलें नव्हतें. अंगदेशांत अवर्षण पडलें. हा मुलगा राज्यांत आला तर पाऊस पडेल असें जाणत्यांनीं सांगितलें, आणि राजा लोमपादानें त्याला आणण्याचें काम वेश्यांवर सोंपविलें. एका वृद्ध वारांगनेनें नौकेवर कृत्रिम आश्रम रचला, त्यावर खोटीं झाडें उभीं केलीं, आणि बाप घरीं नाहीं अशी वेळ पाहून आपल्या मुलीला त्या तरुणाकडे पाठविलें. पुढें तो मुलगा ह्या भेटीची हकीकत बापाला सांगतो, तो भाग ज्यानें वाचला नसेल त्यानें अवश्य वाचावा. स्त्री म्हणून कांहीं जगांत आहे हेंच त्याला ठाऊक नाहीं. सबब आलेली व्यक्ति हा कोणी निराळ्या व्रताचा ब्रह्मचारी आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत. त्या ब्रह्मचाऱ्याच्या जटा सुगंधी कशा होत्या, त्याच्या गळ्याखालीं दोन गोळे कसे होते, त्याच्या पायांत वाजत काय होतें, त्याच्याजवळचें एक वाटोळें फळ जमिनीवर आपटलें म्हणजे पुन्हां वर कसें उडे, ह्याचें तो भाबडेपणानें वर्णन करतो आणि मला त्याच्याकडे जाऊं द्या, मलाही तसलेंच तप करावयाचें आहे असा हट्ट धरतो. विभांडक म्हणतो, बाळा, हे राक्षस अशीं रूपें घेऊन फिरत असतात. परंतु दुसऱ्या वेळीं नौका मुलाला घेऊन सुटते. पाऊस पडतो, राजकन्या शांता त्याला दिली जाते, आणि संतापून निघालेल्या विभांडकाचा राग वाटेवरच्या गौळवाड्यांतील आदरसत्कारानें शांत होतो. जिनें त्याला रानांतून आणलें त्या मुलीचें पुढें काय झालें, हें मात्र व्यास सांगत नाहींत. तिचें नांवही त्या कथेंत नाहीं.

ह्याहूनही जुनी अशी एक कथा बाबिलोनच्या बाजूस सांपडते. गिल्गमेशाच्या काव्यांतील एंकिडू हा अंगभर केस असलेला, हरिणांबरोबर गवत खाणारा पुरुष. तो पारध्याचे फांस मोडतो म्हणून पारधी उरुक नगरांतून शामहात नांवाची गणिका घेऊन येतो. सहा दिवस आणि सात रात्री ती त्याच्याजवळ राहते. नंतर तो उठून आपल्या हरिणांकडे जातो, तों हरिणें त्याला पाहून पळतात. मग ती त्याला भाकर खावयास व वस्त्र नेसावयास शिकविते आणि नगरांत नेते. मरणसमयीं एंकिडूनें प्रथम त्याच शामहातला शाप दिला. सूर्यदेवानें कानउघाडणी केली तेव्हां तो शाप फिरवून आशीर्वाद दिला. निन्व्हे येथील भाजलेल्या मातीच्या विटांवर कोरलेलें हें काव्य १९ व्या शतकांत वाचलें गेलें, आणि तोंपर्यंत आपल्याकडील ऋष्यशृंगाला इतका जवळचा भाऊ असेल अशी कोणास कल्पना नव्हती.

ह्या दोन्ही कथांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथें पुरुष स्त्रीला रानांत ओढून नेत नाहीं. स्त्रीच त्याला रानांतून बाहेर आणते. आणि तीही स्वतःच्या इच्छेनें जात नाहीं. कोणाला पाऊस हवा असतो, कोणाला फांस शाबूत ठेवावयाचे असतात; म्हणजे गरज नगराची, आणि ती भागविण्यासाठीं पुढें केली जाते ती नगरांतली सर्वांत स्वस्त स्त्री. भाचीच्या गोष्टींत ही दिशा उलटली आहे. ती केव्हां उलटली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न.

तिकडे वळण्यापूर्वीं आपल्या महाराष्ट्राचें एक देणें सांगितलें पाहिजे, कारण कथावाङ्मयाचा आणि रानाचा जो संबंध पैठणास जोडला गेला तसा दुसरीकडे क्वचितच जोडला गेला असेल. सोमदेवाच्या कथासरित्सागरांत, म्हणजे ११ व्या शतकांतील काश्मिरी ग्रंथांत, ती आख्यायिका आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हतें. जलक्रीडेच्या वेळीं राणीनें 'मोदकैः' म्हणून पाणी उडवूं नका असें सांगितलें, आणि राजानें मोदक मागविले. राणी हंसली, राजा खजील झाला. व्याकरण शिकविण्यास सहा वर्षें लागतील असें त्याचा पंडित गुणाढ्य म्हणाला. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवितों. तसें झालें तर संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडीन अशी गुणाढ्यानें पैज घेतली. आणि तो हरला. ज्याच्याजवळ भाषाच उरली नाहीं त्यानें नगरांत राहून काय करावें? तो विंध्याच्या अरण्यांत गेला. तेथें त्यानें पिशाचांची भाषा ऐकली, शिकली, आणि शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्तानें तिच्यांत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली.

शिष्यांनीं तो ग्रंथ राजाकडे नेला. राजानें तो झिडकारला. भाषा पिशाचांची, अक्षरें रक्ताचीं! तेव्हां गुणाढ्यानें एका टेंकडीवर अग्नि पेटविला आणि एकेक पान वाचावें व अग्नींत टाकावें असा क्रम आरंभिला. ऐकावयास कोण? हरिणें, डुकरें, रेडे. तीं भोंवतीं उभीं राहत आणि चरणें विसरून अश्रु ढाळीत. इकडे राजाच्या ताटांत सुकें मांस येऊं लागलें, राजा आजारी पडला, वैद्यांनीं स्वयंपाक्यांस विचारलें, स्वयंपाक्यांनीं पारध्यांस, आणि पारध्यांनीं सांगितलें कीं जनावरें हल्लीं चरत नाहींत, गोष्ट ऐकतात. राजा धांवत गेला. जटा वाढलेला, कोणास ओळखूं न येणारा एक पुरुष अग्नीजवळ बसला होता. सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. जो एक लक्ष उरला तो नरवाहनदत्ताच्या प्रेमकथांचा. आणि आज तोही मूळ स्वरूपांत कोठें नाहीं.

मला ही आख्यायिका नेहमीं अस्वस्थ करते. दंतकथा म्हणून ती बाजूस ठेवतां येते, परंतु तिच्यांत सांगितलेलें एक सत्य बाजूस ठेवतां येत नाहीं: नगरानें ज्याची भाषा हिरावली तो रानटी दिसूं लागतो, आणि तो बोलतो तें पिशाचांचें वाटूं लागतें. गुणाढ्य रानांत जन्मला नव्हता. त्याला रानांतला केला.

बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून आपण मराठींत उपन्यासास 'कादंबरी' म्हणूं लागलों, त्याच्या आरंभींही विंध्याटवी आहे आणि तींत शबरांची टोळी येते. त्यांचा नायक मातंग ह्याचें वर्णन बाणानें दिपून जाऊन केलें आहे. परंतु ती टोळी निघून गेल्यावर मागें राहिलेला एक म्हातारा शबर शाल्मलीवर चढून पोपटांच्या माना मुरगळतो, तेंही त्यानें तितक्याच बारकाईनें लिहिलें. रानांतल्या माणसाकडे पाहण्याची नागर लेखकाची ही दुहेरी दृष्टि, अर्धी लोभाची आणि अर्धी शिसारीची, आमच्या कादंबरीला नांवाबरोबरच आंदण मिळाली. १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून आमच्या अद्भुत कादंबऱ्यांचें युग सुरू झालें. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबुडांनीं 'मंजुघोषा' लिहिली, तिच्या प्रस्तावनेंत एक विलक्षण कबुली आहे. आम्हां हिंदु लोकांच्या विवाहाच्या चाली व राहणी अशी आहे कीं, आमच्या आयुष्यांत चटकदार असे गुणही नाहींत आणि दुर्गुणही नाहींत. सबब घरांत घडणारें लिहूं गेलें तर कादंबरी होत नाहीं, असा त्या प्रस्तावनेचा आशय. विनायक कोंडदेव ओकांच्या पिढीनें ह्या कबुलीकडे कसें पाहिलें असेल कोण जाणे, पण तिच्यांत मला विनोदापेक्षां दुःखच अधिक दिसतें. आठव्या-दहाव्या वर्षीं लग्न झालेल्या नायिकेला प्रेम करावयाचें असेल तर ग्रंथकारानें तिला घराबाहेर काढल्यावांचून गत्यंतर नव्हतें. रान हें तेव्हां घरांत न मावणाऱ्या गोष्टीचें नांव होतें.

येथें भाचीनें प्रथमच मोबाइल खालीं ठेवला.

आतां दिशा उलटल्याची गोष्ट. युरोपांत रानटी मनुष्याविषयींचें शास्त्रीय कुतूहल विशेष बळावलें तें १८०० च्या जानेवारींत. फ्रान्सांतील आव्हेरों प्रांतांत रानांत वाढलेला एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. पुढें इतार नांवाच्या तरुण वैद्यानें त्याला व्हिक्टर असें नांव देऊन अनेक वर्षें शिकविलें, आणि मादाम गेरें नांवाच्या बाईनें त्याचें जेवणखाण व आजारपण पाहिलें. तो यथार्थ बोलावयास कधींच शिकला नाहीं. इतारला मोठी आशा होती कीं, यौवनाचा उदय झाला म्हणजे ह्या गोठलेल्या जिवांत प्रेमाचा पाझर फुटेल. १८०६ च्या अहवालांत त्यानें काय झालें तें खेदपूर्वक लिहिलें आहे. व्हिक्टर बायकांच्या घोळक्यांत एखादीच्या जवळ जाऊन बसे, तिचा हात किंवा दंड हलकेच चिमटी, आणि मग आपल्याला काय हवें आहे हेंच न उमजून एकाएकीं तिला दूर लोटी. लाडीगोडी नाहीं, गुहा नाहीं, हरण नाहीं. केवळ एक कासावीस गोंधळ. तो १८२८ सालीं पॅरिसांत वारला, तोंवर मादाम गेरेंनेंच त्याला सांभाळलें.

आपल्या देशांतही असे दाखले नोंदले गेले. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन ह्यानें अयोध्या प्रांतांत लांडग्यांनीं वाढविलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुलांची हकीकत १८५२ सालीं छापली. १८६७ सालीं बुलंदशहराकडे शिकाऱ्यांना गुहेंत एक मुलगा सांपडला. त्याला आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या मिशनच्या अनाथाश्रमांत ठेवलें, आणि तो शनिवारीं आला म्हणून त्याचें नांव सनीचर पडलें. तो कपडे घालावयास शिकला, तंबाखू ओढावयास शिकला. बोलावयास शिकला नाहीं. १८९५ सालीं तो मेला. मेदिनीपूरच्या अमला-कमला ह्या मुलींची १९२० ची हकीकत तर जगभर गाजली, परंतु तिच्यांतील बराच भाग सांगणाऱ्याच्या पदरचा होता असें पुढील संशोधकांनीं दाखविलें. पुष्कळ विद्वानांचें मत असें कीं, हीं मुलें लांडग्यांनीं नेलेलीं नसून जन्मतः व्यंग असल्यामुळें आईबापांनींच रानाच्या कडेला सोडलेलीं असावींत. हें मत खरें असेल तर त्या कथांतील खरें श्वापद कोण, हें निराळें सांगावयास नको.

मी भाचीला म्हटलें, "पहा, खरा रानांत वाढलेला पुरुष हा असा. त्याला बोलतां येत नाहीं. आणि ज्याला बोलतां येत नाहीं त्याला तुझ्या गोष्टींतल्यासारखें प्रेमही करतां येत नाहीं."

ती थोडा वेळ प्रबळकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, तो बोलत नाहीं हेंच बरें असतें. आमच्याकडे पाहावयास जे येतात ते सगळे फार बोलतात."

स्वयंपाकघरांतलें भांड्यांचें वाजणें थांबलें. मला एकदम उत्तर सुचलें नाहीं. ह्या रानपुरुषाला पत्रिका नाहीं, पगार नाहीं, कांदेपोहे खाऊन 'नोकरी पुढें करणार का' असें विचारणारी आई नाहीं, हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. रिसबुडांच्या काळीं मुलीला रानांत पाठविल्यावांचून कादंबरी होत नव्हती. दीडशें वर्षें उलटलीं, मुलगी एम्. एस्सी. झाली, लोकलनें नोकरीस जाऊं लागली. आणि तरीही मनांतल्या मनांत ती रानांतच जाते! पूर्वीं राजा पाठवीत असे, आतां ती स्वतः जाते, एवढा फरक खरा. तो लहान नव्हे. परंतु गुहेंत नेलें जाण्याची भीति आणि घरांत बसविलें जाण्याची भीति ह्यांपैकीं तिला पहिली सुसह्य वाटावी, ह्यांत त्या गोष्टीच्या लेखकाचा दोष किती आणि आम्हां मामालोकांचा किती, ह्याचा हिशेब मी तेव्हां केला नाहीं.

व्हिक्टर आणि सनीचर डोळ्यांसमोर असतां वाङ्मयानें मात्र निराळाच रानपुरुष घडविला. १८६५ सालीं मुंबईस जन्मलेला किप्लिंग हा त्याचा मोठा शिल्पकार. त्याचा मोगली सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोगलीची पहिली छापलेली गोष्ट मुलांसाठीं नव्हती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 'जंगल बुक' १८९४ चें. त्याच्या आधीं, १८९३ सालीं, 'इन द रुख' ही गोष्ट आली. रुख म्हणजे सरकारी राखीव रान. तींत मोगली पुरता तरुण झाला आहे. तो पांवा वाजवितो आणि लांडगे मागल्या पायांवर उभे राहून नाचतात; त्या पांव्यापाशीं बसली आहे गिस्बोर्न नांवाच्या साहेबाच्या खानसाम्याची, अब्दुल गफूरची, मुलगी. हीच ती रानपुरुषाची प्रेमकथा, आणि ती एका मुंबईत जन्मलेल्या लेखकानें लिहिलेली! परंतु शेवट पहा. हिंदुस्थानच्या सर्व रानांचा मुख्य अधिकारी मुल्लर मोगलीला जंगल खात्यांत नोकरी देतो. लांडग्यांचा भाऊ सरकारचा रखवालदार होतो, पगार घेतो, संसार मांडतो. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारनें रानांवर आपला हक्क पक्का केल्यानंतर पंधरा वर्षांनीं लिहिलेल्या गोष्टींत रानाचा खरा स्वामी आपण होऊन सरकारचा चाकर झाला, हा योगायोग मला वाटत नाहीं.

नंतर १९१२ सालीं अमेरिकेंतील एका मासिकांत टारझन आला. त्यानें तरुणीला उचलून झाडांतून नेलें, आणि दिशा कायमची उलटली. परंतु हा टारझनही कोणी वनचर नव्हे. तो इंग्रज उमरावाचा मुलगा, आईबापांच्या खोपटांत राहिलेल्या पुस्तकांवरून आपला आपण वाचावयास शिकलेला. ऋष्यशृंग ब्राह्मणाचा पुत्र, टारझन लॉर्डाचा. कथेला रानटी पुरुष हवा असतो, पण रानांतला माणूस नको असतो. भाचीच्या गोष्टींतला नायक कोणाचा मुलगा निघतो म्हणून मी विचारलें. शेवटच्या प्रकरणांत तो एका कोट्यधीशाचा हरवलेला वारस ठरतो, असें तिनें ओशाळून सांगितलें.

आमच्या तालुक्यांतील एक सुशिक्षित गृहस्थ खरोखरच रानांत गेले होते. कर्नाळ्याच्या पायथ्याकडील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. सरकारी कचेरींतली कारकुनी सोडून १८७९ सालीं त्यांनीं रामोशांबरोबर डोंगर धरले. त्यांनीं आत्मवृत्त लिहिलें, रोजनिशी लिहिली. उपास, ताप आणि पैशाची चिंता ह्यांनीं ग्रासलेला तो काळ होता. ज्या गोपिकाबाईंना त्यांनीं हौसेनें लिहावाचावयास शिकविलें, त्या मागें राहिल्या. फडके १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत वारले. रानांत गेलेल्या नवऱ्याची बायको घरांत कशी राहिली, ह्यावर कादंबरी लिहावयास धैर्य पाहिजे. गुहा लागत नाहीं.

परंतु सज्ज्यांतून दिसणाऱ्या त्या डोंगरांत पिढ्यानुपिढ्या राहणारे लोक निराळेच. आपण ज्याला निबिड रान समजतों त्या माथेरानावर १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चढला आणि त्यानें तें 'शोधून काढलें' असें इतिहासांत लिहितात. ज्या वाटांनीं तो चढला त्या कोणी पाडल्या होत्या? ठाकूर, धनगर आणि कातकरी ह्यांनीं. कातकरी म्हणजे काथ करणारा. काथोडी हें त्यांचें दुसरें नांव. खैराचें झाड तोडावें, आंतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढाव्या, त्या मडक्यांत तासन्‌तास उकळाव्या आणि आटत आलेल्या रसाच्या वड्या कराव्या, हा त्यांचा परंपरागत धंदा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पानांत रंगला तो काथ ह्यांच्या चुलीवरचा. १८४३ सालीं डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत उत्तर कोंकणांतील वारली व काथोडी ह्यांवर लेख लिहिला. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांतही त्यांचें वर्णन आहे. आपण रामाच्या वानरसेनेपासून झालों असें ते सांगतात, ही नोंद गोऱ्या अधिकाऱ्यांनीं चवीनें केली. सूर्यवंशापासून उत्पत्ति सांगणाऱ्या संस्थानिकांबद्दल तसली चव कोणी दाखविली नाहीं. वास्तविक ज्यांनीं रामाला सेतु बांधून दिला त्यांच्याशीं नातें सांगण्यांत रानटीपणा कोठें आला?

ह्या लोकांना भाषा आहे. मराठीची बहीण शोभेल अशी त्यांची कातकरी बोली आहे. नातीं आहेत, देव आहेत, कोणत्या मुळानें कोणता ताप उतरतो ह्याचें ज्ञान आहे. डोंगरउतारावर नाचणी पिकवावयाला मिळालेल्या जमिनीला कुलाब्यांत 'दळी' म्हणतात. ती दळी आहे. म्हणजे रानपुरुषाजवळ जें जें नसावें असें कथेला वाटतें, तें तें सर्व आहे. खैरावर सरकारी निर्बंध आले तेव्हां काथाची चूल विझली. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. मुकादमाकडून पावसाळ्यांत आगाऊ उचल घ्यावी आणि दिवाळीनंतर सगळ्या बिऱ्हाडानें ती फेडीत राहावें, हा क्रम लागला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली. रानावरचा त्यांचा हक्क कायद्यानें मान्य होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. नावड्याच्या आसपास ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्या भिंतींत कोणाच्या हातच्या विटा आहेत, हें मी भाचीला विचारलें नाहीं. तीच भिंतीला हात लावून बसली होती.

मग मी तिला चिरनेरची गोष्ट सांगितली. उरणजवळचें हें गांव. मिठाच्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्रांत जागोजाग जंगल सत्याग्रह झाले, त्यांपैकीं एक येथला. २५ सप्टेंबर १९३० ह्या दिवशीं आसपासच्या गांवांतील शेतकरी, आगरी, कोळी आणि कातकरी कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या रानांत लांकूड तोडावयास गेले. आपल्याच रानांतलें आपलेंच लांकूड तोडून अटक व्हावयाची, एवढाच बेत. पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जे पडले त्यांत नाग्या महादू कातकरी हा एक होता.

"त्याचें लग्न झालें होतें का?" भाचीनें विचारलें.

हा प्रश्न मला अनपेक्षित होता. हुतात्म्यांच्या यादींत नांव, बापाचें नांव आणि जात असते. कोणाचा कोण होता हें नसतें. मी तसें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं, आणि त्या संध्याकाळीं तिनें पुन्हां मोबाइलही उचलला नाहीं. तिनें तो कायमचा सोडला असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाबरोबर पुढचें प्रकरण चाललें होतें.

निघण्याच्या दिवशीं आम्ही दोघें पनवेलच्या बाजारांत गेलों. पावसाळ्याच्या तोंडावर तेथें डोंगरांतल्या बायका रानभाज्या घेऊन येतात. रस्त्याच्या कडेला एक कातकरीण शेवळांच्या जुड्या मांडून बसली होती. शेजारीं पळसाच्या पानावर काकडांचा लहानसा ढीग होता. भाचीनें दोन जुड्या उचलल्या आणि निघाली. बाईनें तिला हांक मारली.

"अगो पोरी, नुसती शेवळं नेऊन काय करशील? घसा खाजल. काकडं घाल त्यांत. आधी वरचं साल काढ, देठाजवळचं पिवळं टाकून दे, बारीक चिर आणि तेलावर चांगली परत. आईला येत नसल तर आजीला विचार."

भाची तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काकडं किती घालायचीं?"